बिघडलेल्या शिपायांचा डबा

रमजान ईदच्या आधी घराची साफसफाई निघाली की माझ्या बायकोचा हात दरवर्षी एका डब्यापाशी येऊन थांबतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकण गंजलेलं, कोपरे चेपलेले. "हा आता तरी भंगारात द्यायचा का?" ती विचारते. मी नको म्हणतो. ती डबा पुसते आणि पुन्हा कपाटावर ठेवून देते.

डब्यात आहे तरी काय? पाय निखळलेलं एक धड. चेहरा पाघळलेला एक जवान. स्टिअरिंग उजवीकडे असलेली अर्धी जीप. बॉलपेनच्या रिफिलीची एक तोफ. आणि बोटभर बाह्यांचे दोन सदरे. गेल्या तीसेक वर्षांत मी एकच माणूस पुन्हा पुन्हा बनवत आलो. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्स. प्रत्येक वेळी काही ना काही चुकलं. जे चुकलं ते या डब्यात जमा झालं.

आमचं घर अहमदनगरचं. आता कागदोपत्री अहिल्यानगर. बोलताना आम्ही पूर्वीही नगर म्हणायचो, आताही नगरच म्हणतो. अब्बा टेलर. भिंगारच्या छावणीजवळ त्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक बहुतेक फौजी. ऑलिव्ह ग्रीन कपड्याच्या चिंध्या आमच्या घरात पायपुसण्यापासून उशीच्या अभ्य्रापर्यंत सगळीकडे असायच्या. १९८८ साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका लागली. त्यात अब्दुल हमीदची भूमिका नसीरुद्दीन शाहांनी केली होती. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही मोजकेच. ज्या घरी होता तिथे चटईवर तीस-चाळीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. उघड्या जीपवर लांब नळीची तोफ, समोर पॅटन रणगाडे. भाग संपल्यावर कुणी पटकन उठलंच नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या मामूंनी मला एक जी. आय. जो आणून दिला. फनस्कूलनं भारतात काढलेले ते बाहुले बोटभर उंचीचे, पण मान, कोपर, गुडघा सगळं वळणारं. मी ठरवलं, याचा अब्दुल हमीद करायचा.

बाहुल्याच्या पाठीत एक स्क्रू असतो. तो काढला की छातीचे दोन भाग सुटतात. आत काळ्या रबराचं एक कडं असतं. पाय एका आकड्याला अडकवलेले असतात आणि तो आकडा त्या कड्यात. सगळं शरीर त्या एका रबरावर ताणून उभं राहतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी आत काय आहे ते पाहायला पाय ओढले. कडं तुटलं आणि अमेरिकन शिपायाचे दोन्ही पाय माझ्या हातात आले. मग मी पैशांच्या बंडलाला लावतात तसलं रबर लावलं. ते महिन्याभरात चिकट होऊन तुटलं. शेवटी सायकलच्या ट्यूबची बारीक गोल चकती कापून बसवली. ती टिकली, पण इतकी घट्ट की बाहुला बसेना. कायम सावधान.

त्याच्या अंगावरचा रंग घालवायला मी आपाचं नेलपॉलिश काढायचं औषध वापरलं. रंग गेला, त्याबरोबर नाकही गेलं. त्या औषधात अॅसिटोन असतं आणि अॅसिटोन असलं प्लॅस्टिक विरघळवतं हे मला पुष्कळ पुढे अकरावीच्या रसायनशास्त्रात समजलं. पाघळलेल्या चेहऱ्यावर मी दारं-खिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट फासला. तो मऊ प्लॅस्टिकवर कधी पुरता वाळलाच नाही. आठ दिवसांनी हात लावला तरी बोटाला चिकटायचा. घरातली धूळ, अब्बांच्या मशीनवरचे दोरे, मांजरीचे केस असं सगळं त्या जवानाच्या अंगावर बसलं.

दादीनं ते पाहिलं. ती मूर्ती, तसबिरी यांच्या बाबतीत कडक होती. म्हणाली, "जिसमें जान नै डाल सकते, उसका मुँह कायकू बनाते रे? कयामत के दिन पूछेंगे, अब इसमें जान डाल." मी घाबरलो. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी हसून सांगितलं, की हजरत आयेशांच्या बाहुल्यांमध्ये पंख असलेला एक घोडा होता आणि तो पाहून हुजूर हसले होते, अशी हदीस आहे. ते ऐकून मी दादीकडे धावलो. दादी म्हणाली, "वो बच्ची के खेलने का था. तू खेलता कहाँ है? तू तो दिखाने के लिए बनाता है."

त्या वेळी मला ते लागलं नाही. लागायला हवं होतं.

कारण मी खरोखरच दाखवण्यासाठी बनवत होतो. साल १९९३. मुंबईच्या दंगली होऊन गेलेल्या. नगरमध्ये आमच्या बाजूला काही घडलं नव्हतं, पण मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि अब्बा संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचे. शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी माझा हमीद मांडला. चेहरा बिघडला होता म्हणून नवा बाहुला मिळवला होता आणि त्याला रंगीबेरंगी ठिपक्यांचा गणवेश रंगवला होता, कारण चित्रात फौजी तसे दिसायचे. खोक्यांची जीप. पुढे पुठ्ठ्यावर त्याच्याहून मोठ्या अक्षरांत नाव: परमवीर अब्दुल हमीद. मागे सात रणगाड्यांची चित्रं, त्यांवर लाल फुल्या. झेंडा तर होताच.

प्रदर्शन पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "छान केलंस हो. तुमच्यातलाही एक आहे ना!" म्हणाले. ते मनापासून बोलले होते. त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मी उड्या मारत दुकानात गेलो आणि अब्बांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. अब्बांनी मशीन थांबवलं. पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग एवढंच विचारलं, "नाम इतना बडा कायकू लिखा?"

मला उत्तर देता आलं नाही. तो पुठ्ठाही डब्यात आहे, घडी घालून.

पुढे शिक्षण, नोकरी, पुणे. ड्रॉइंग बोर्डवर यंत्रांचे भाग काढणं हा माझा पेशा झाला आणि मापांची सवय लागली. २००० साली टपाल खात्यानं अब्दुल हमीद यांच्यावर तीन रुपयांचं तिकीट काढलं. ते मी झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून घेतलं आणि भिंतीला लावलं. २००९ साली पगारातून पैसे साठवून टामिया या जपानी कंपनीच्या विलीस जीपचं किट घेतलं. पस्तिसास एक प्रमाणाचं. म्हणजे पस्तीस सेंटिमीटरची वस्तू एक सेंटिमीटरची होते आणि साडेपाच फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो.

आता सगळं शास्त्रशुद्ध करायचं असं ठरवलं होतं. तरी चुका झाल्या, आणि पहिली चूक शहाणपणातून झाली. किटमध्ये स्टिअरिंग डावीकडे होतं. ते अमेरिकन गाडीचं. आपल्याकडे गाड्या उजव्या चाकाच्या. मी डॅशबोर्ड कापला, पेडलं हलवली, भोकं बुजवली, घासली. दोन महिने गेले. सुटीत नगरला नेऊन दाखवली तेव्हा दुकानात अब्बांचे जुने मित्र, एक गॅरेजवाले मिस्त्री बसले होते. त्यांनी जीप उचलली, फिरवली आणि म्हणाले, "जुन्या महिंद्राच्या मागं काय लिहिलेलं असायचं, आठवतं का?" मला चटकन आठवलं. तालुक्याच्या रस्त्यावर लहानपणी शेकडो वेळा वाचलं होतं: लेफ्ट हँड ड्राइव्ह. त्या काळच्या आपल्याकडच्या जीपगाड्या डाव्याच चाकाच्या असायच्या. म्हणजे किटमध्ये जे मुळात बरोबर होतं, तेच मी दोन महिने खपून चूक केलं होतं.

दुसरी चूक तोफेची. ती रिकॉइललेस गन, म्हणजे मागे धक्का न देणारी तोफ. तिला १०६ मिलिमीटरची म्हणतात, पण नळीचा खरा व्यास १०५. आधीच्या एका १०५ च्या तोफेचा दारूगोळा हिच्यात चुकून जाऊ नये म्हणून नाव बदललेलं. पस्तिसास एकच्या मापात हा व्यास बरोबर तीन मिलिमीटर होतो. बॉलपेनची रिफील जवळपास तेवढीच. पण मी रिफील अख्खी बसवली. दिसायला भारी वाटली! माप काढलं तर तेरा सेंटिमीटर. खरी तोफ सुमारे ३.४ मीटर लांब, म्हणजे माझी रिफील दहा सेंटिमीटरच्या आत हवी होती. पुठ्ठ्यावरच्या नावासारखंच झालं. मोठं करायची खोड गेली नव्हती.

तिसरी चूक सगळ्यांत वाईट. मी एका जवानाला तोफेच्या बरोबर मागे, नळीच्या रेषेत उभा केला होता. डौलदार दिसत होता. एका निवृत्त सुभेदारांनी, अब्बांच्या गिऱ्हाइकानं, पाहिलं आणि म्हणाले, "पहिल्याच गोळीत हा जळून मेला." मग त्यांनी समजावून सांगितलं. या तोफेच्या काडतुसाला जाळीसारखी भोकं असतात. गोळा पुढे सुटतो तेव्हा जळत्या वायूचा मोठा झोत मागच्या तोंडातून बाहेर पडतो. पुढचा जोर आणि मागचा जोर एकमेकांना फेडतात, म्हणून एवढी मोठी तोफ हलक्या जीपवर बसू शकते. मागे उभं राहायचं नसतं. आणि त्या झोतानं धुळीचा लोट उठतो, तो शत्रूला लांबून दिसतो. म्हणून एक गोळी झाडली की जागा सोडायची.

"और निशाना?" मी विचारलं. तोफेच्या नळीवर एक बारीक रायफल बांधलेली असते, ते म्हणाले. आधी तिची गोळी सोडायची. ती लागली तिथे चमक आणि धूर दिसतो. दिसला की मगच मोठा गोळा. माझ्या तोफेवर ती रायफलच नव्हती. मला ती एक फालतू नळी वाटली होती, म्हणून मी गाळली होती.

त्या रात्री मी परमवीर चक्राचं मानपत्र पुन्हा नीट वाचलं. १० सप्टेंबर १९६५, खेमकरण विभाग, चीमा गाव. आघाडीचा रणगाडा टिपल्यावर हमीद यांनी झटकन जागा बदलली आणि दुसरा टिपला, असं त्यात आहे. तोवर शत्रूनं त्यांची जीप हेरली होती. मारा सुरू झाला, तरी ते आणखी एका रणगाड्यावर गोळे झाडत राहिले आणि त्यातच तोफगोळा लागून कोसळले. "जागा बदलली" हे शब्द मी आधी दहा वेळा वाचले असतील. त्यांचा अर्थ मला माझ्या चुकीनं शिकवला. प्रत्येक गोळीनंतर धुळीचा खांब उभा राहून सांगायचा, मी इथे आहे. आणि मी शाळेत मागच्या पुठ्ठ्यावर सात फुल्या मारल्या होत्या. मानपत्रातलं वर्णन तीन रणगाड्यांचं आहे; नंतरच्या लिखाणात सात, कुठे आठ. आकडा मोठा असला म्हणजे माणूस मोठा होतो असं मला वाटत होतं. तिसऱ्या वेळीही त्यांनी जागा धरली, यापुढे आकड्याला काय किंमत?

चौथी चूक मातीची. चाकांना मी आमच्या शेजारच्या शेतातली खरी माती लावली, गोंदात कालवून. नगरची काळी माती. खेमकरणची जमीन पंजाबातल्या गाळाची, फिक्या भुऱ्या रंगाची. तिथे आपल्या सैन्यानं शेतात पाणी सोडलं होतं, उसात आणि चिखलात पॅटन रुतले होते. माझी जीप मात्र राहुरीच्या कारखान्यावर ऊस घालायला निघाल्यासारखी दिसत होती.

आणि डोळे. पाच सेंटिमीटरच्या माणसाला मी सुईच्या टोकानं पांढरे डोळे आणि काळी बुबुळं काढली. सहा वेळा काढली, सहा वेळा पुसली. प्रत्येक वेळी तो भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसे. शेवटी उमगलं, की एवढ्या छोट्या मापात डोळे काढायचेच नसतात. इतक्या अंतरावरून माणसाच्या डोळ्यांचं पांढरं दिसत नाही, फक्त भुवयांखालची सावली दिसते. तपकिरी रंगाची एक पुसट रेघ ओढली आणि जवान शांत झाला. दादी तेव्हा हयात नव्हती. असती तर म्हणाली असती, मैंने क्या बोला था?

२०१४ साली मी मोठ्या मापाकडे वळलो, सहास एक. म्हणजे बारा इंची बाहुला, खरे कपडे घातलेला. या वेळी गणवेश अब्बा शिवणार होते. त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण मशीन घरी होतं. त्यांनी बाहुल्याच्या छातीला टेप लावली, सहानं गुणलं आणि माझ्याकडे पाहिलं. "छाती सेहेचाळीस. ये जवान नै, पहिलवान है." मी छाती घासायला घेतली. प्लॅस्टिक आतून पोकळ असतं हे विसरलो आणि बरगडीत भोक पडलं. दुसरा, सडपातळ बाहुला आणावा लागला.

पहिला सदरा अब्बांनी जुन्या खऱ्या ऑलिव्ह ग्रीन कपड्याचा शिवला. शिलाई अप्रतिम. पण अंगावर घातला तर बाहुल्यानं रजई पांघरल्यासारखं दिसे. दंड खाली येईनात. अब्बा चष्मा वर करून म्हणाले, "आदमी छोटा होता, कपडा नै होता छोटा." पन्नास वर्षांच्या धंद्यात त्यांना हे कधी जाणवलं नव्हतं. दुसरा सदरा पॉपलीनचा केला. आतल्या दाबानं शिवणी फुगल्या आणि गुंड्या छातीवर बशा ठेवल्यासारख्या वाटल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी अम्मीची शंभरदा धुतलेली मलमलची ओढणी मागितली. चहाच्या पाण्यात हिरवा रंग मिसळून ती रंगवली. शिवणीचा दाब कापून टाकून आतून फेविकॉलची रेघ दिली. गुंड्यांच्या जागी मोहरीचे दाणे चिकटवले. मग सदरा ओला करून बाहुल्याच्या अंगावरच दोऱ्यानं बांधून वाळवला. दोरा सोडला तेव्हा कोपराशी, काखेत खऱ्या माणसाच्या पडतात तशा चुण्या पडल्या होत्या.

मला वाटलं, जमलं. लढाईतला माणूस म्हणून मी त्यावर आणखी सुरकुत्या पाडल्या, चिखल फासला, कॉलर वाकडी केली. अब्बा रागावले. फार कमी वेळा रागवायचे. "तेरेकू मालूम है ना, उनके वालिद दर्जी थे? खुद भी सिलाई जानते थे. और क्वार्टरमास्टर. पूरी कंपनी के कपडे-बूट उनके हाथ से जाते. उनकी कॉलर टेढी रहेगी?"

मी गप्प झालो. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावच्या मोहम्मद उस्मान या दर्जींचा मुलगा, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं. मला दिसायचं ते चक्र, ती तोफ, ते नाव. अब्बांना काखेची शिवण दिसायची. मी तीस वर्षं एक दाखला बनवत होतो, कुणी "तुमच्यातला" म्हणालं की पुढे करायला. दाखल्याची छाती सेहेचाळीस लागते, नळी तेरा सेंटिमीटर लागते, रणगाडे सात लागतात. अब्बा एका माणसाचे कपडे शिवत होते. माणसाला त्याच्या मापाचे कपडे लागतात. प्रत्येक चूक दुरुस्त करताना हमीद थोडा थोडा लहान होत गेला आणि तेवढाच जवळ आला.

अब्बा २०१९ साली गेले. चिखलाचा तो सदरा मी धुऊ शकलो नाही. रंग निघून गेला असता. त्यांनी मलमलीचा आणखी एक कापून ठेवला होता. तो मी शिवला. माझी शिलाई वाकडी आहे, पण कॉलर सरळ आहे.

मागच्या हिवाळ्यात मुलीला नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेलं. पॅटनसमोर ती उभी राहिली तेव्हा तिचं डोकं त्याच्या चाकांच्या जरा वर आलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, याच्यासमोर उघडी जीप?" मी हो म्हटलं. "मग आपल्या जीपला दरवाजे नकोत. तू मागच्या वेळी कॅनव्हासचं छत लावलंस ना, ते काढायला लागेल. तोफ फिरणार कशी?"

खरंच होतं. छत असताना तोफ फिरतच नव्हती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं डबा खाली काढला आणि ते छत त्यात ठेवलं. नवीन जीपच्या पुढच्या जाळीला अजून नऊ फटी आहेत. महायुद्धातल्या विलीसला तेवढ्याच असतात, महिंद्राच्या जीपला सात. ते आता ती करणार आहे. पुठ्ठ्यावर नाव लिहायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणी विचारलं तर सांगू.